वेलिंग्टनच्या बागेसाठी हॉथॉर्न : ओळख आणि निवड

हॉथॉर्न हे गुलाब कुलातले काटेरी, पानगळी झाड. सफरचंद आणि नासपती हे त्याचे जवळचे नातलग, आणि हेच नाते न्यूझीलंडमध्ये पुढे त्याच्या मुळावर आले. त्याच्या प्रजातीचे शास्त्रीय नाव क्रॅटेगस. युरोप, पश्चिम व मध्य आशिया, चीन आणि उत्तर अमेरिका मिळून तिच्या दोनशेच्या आसपास जाती धरल्या जातात. हा आकडा दगडावरची रेघ मानू नये. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एकट्या उत्तर अमेरिकेतून हजाराहून अधिक ‘जाती’ नोंदवल्या गेल्या होत्या, कारण हॉथॉर्न आपापसांत सहज संकरतात आणि प्रत्येक संकराला नवे नाव देण्याचा मोह अभ्यासकांना आवरला नाही. भारतात हे झाड काश्मीर आणि पश्चिम हिमालयातल्या थंड खोऱ्यांत वाढते. सह्याद्रीत ते नाही. महाराष्ट्रात त्याची गाठ पडते ती झाड म्हणून नव्हे, तर होमिओपॅथीच्या दुकानात ‘क्रॅटेगस’ असे लेबल लावलेल्या बाटलीच्या रूपाने. त्याच्या फळापानांचा अर्क हृदयासाठी देण्याची पद्धत युरोपातही जुनी आहे. बागेत झाड आहे म्हणून असा काढा घरी करून पिऊ नये. हृदयविकाराच्या आणि रक्तदाबाच्या काही औषधांशी त्याची आंतरक्रिया होऊ शकते.

न्यूझीलंडमध्ये हॉथॉर्नची एकही जात मूळची नाही. 1840 मध्ये न्यूझीलंड कंपनीची जहाजे वेलिंग्टनच्या बंदरात पेटोनीच्या किनाऱ्याला लागली. त्यानंतरच्या दशकांत ब्रिटिश वसाहतवाल्यांनी आपल्या गावाकडची कुंपणाची रीत इथेही आणली. तारेचे कुंपण स्वस्त होण्यापूर्वी जनावरे अडवायला काटेरी जिवंत कुंपणाइतका भरवशाचा उपाय दुसरा नव्हता. महाराष्ट्रात त्या कामाला निवडुंग, सागरगोटा, शेर आले; न्यूझीलंडमध्ये गॉर्स, बारबेरी आणि हॉथॉर्न. वेलिंग्टनहून रेमुटाका डोंगररांग ओलांडून वायरारापाच्या सपाटीवर उतरले, की शेतांच्या कडेने ही जुनी कुंपणे आजही दिसतात. हॉक्स बे आणि कँटरबरीतही ती आहेत. छाटणी थांबली की कुंपणातली झुडपे सरळ वर चढतात आणि सात-आठ मीटर उंचीची झाडे होतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात, म्हणजे मराठी घरांत दिवाळीचे कंदील लागलेले असतात त्या सुमाराला, ती पांढऱ्या फुलांनी इतकी भरतात की फांदी दिसत नाही. इंग्लंडमध्ये हाच बहर मे महिन्यात येतो.

बागेसाठी झाड निवडायचे, तर आधी ते ओळखता आले पाहिजे. वेलिंग्टनमध्ये याला व्यावहारिक कारण आहे. परसात आपोआप उगवलेले काटेरी रोप आणि रोपवाटिकेतून आणलेले कलम ही दोन्ही ‘हॉथॉर्न’च, पण एक काढून टाकायचे असते आणि दुसरे जपायचे. दोन्ही पहिल्या काही वर्षांत बरीच सारखी दिसतात.

पहिली खूण काट्याची. गुलाबाचा काटा हा सालीवरचा उंचवटा असतो. अंगठ्याने बाजूला दाबला की तो निखळतो. बाभळीचा काटा पानाच्या तळाशी, उपपर्णाच्या जागी, जोडीने येतो. हॉथॉर्नचा काटा म्हणजे बोगनवेलीसारखी कठीण होऊन थांबलेली आखूड फांदीच. तो पानाच्या बगलेतून निघतो, आतून लाकडाशी जोडलेला असतो आणि दाबून निखळत नाही. कधी कधी त्या काट्यावरच पाने किंवा कळ्या आलेल्या दिसतात. साध्या हॉथॉर्नचे काटे एक ते अडीच सेंटिमीटर असतात. ‘कॉकस्पर’ या अमेरिकी जातीचे मात्र पाच-सात सेंटिमीटरपर्यंत जातात आणि जाड हातमोज्यालाही जुमानत नाहीत.

दुसरी खूण पानाची. जंगली झालेल्या साध्या हॉथॉर्नचे, म्हणजे क्रॅटेगस मोनोगायनाचे, पान लहान, बोटाच्या दोन पेरांएवढे आणि खोल कापलेले असते. कडेपासून निघालेली फट मधल्या शिरेच्या दिशेने अर्ध्याहून जास्त आत जाते. युरोपातली दुसरी जात क्रॅटेगस लिव्हिगाटा. ती मूळची रानातल्या सावलीतली. तिच्या पानाचे खंड उथळ, गोलसर, बहुधा तीनच. बागेतली बहुतेक गुलाबी-लाल वाणे या दुसऱ्या जातीतून किंवा दोघींच्या संकरातून आली असल्याने त्यांची पानेही उथळ खंडांचीच असतात. एवढी एक खूण लक्षात राहिली, तरी अर्धे काम होते.

फूल हातात घेतले की उरलेली शंका फिटते. पाच पांढऱ्या पाकळ्या, सुमारे वीस पुंकेसर, त्यांच्या टोकाला गुलाबी ते जांभळट परागकोश. ते फुटले की काळपट पडतात, म्हणून दोन-तीन दिवसांचे फूल पहिल्या दिवसाच्या फुलापेक्षा मळके वाटते. पुंकेसरांच्या मधोमध हिरवट उभी काडी असते, तो कुक्षिवृंत. मोनोगायनात तो एकच असतो, लिव्हिगाटात दोन किंवा तीन. मोसम निघून गेला असेल तर हीच मोजणी फळावर करता येते. शरद ऋतूत, वेलिंग्टनमध्ये मार्च ते मे या काळात, लाल झालेले बोराहून लहान फळ नखाने फोडावे. आत पिवळसर, पिठूळ, जवळजवळ बेचव गर निघतो आणि त्यात दगडासारखी आठळी. एक आठळी असेल तर मोनोगायना, दोन-तीन असतील तर लिव्हिगाटा. एक आणि दोन असे दोन्ही प्रकार एकाच झाडावर सापडले, तर तो बहुधा संकर.

वेलिंग्टनच्या टेकड्यांवर हॉथॉर्नशी गल्लत होण्याजोगी आणखीही झाडे आहेत. पायराकँथाला काटे असतात आणि लाल-केशरी फळांचे घोसही लागतात. पण ते सदाहरित आहे आणि त्याचे पान अरुंद, अखंड असते. कोटोनीॲस्टरची फळे तशीच लाल, पण त्याला काटेच नाहीत. डार्विन्स बारबेरी हे तर वेलिंग्टन परिसरातले नावाजलेले उपद्रवी झुडूप. त्याची फुले नारिंगी, फळे निळी-जांभळी, आणि पाने कडेने टोचणारी. शोभेचे सफरचंद आणि चेरी दुरून हॉथॉर्नसारखी भासतात, पण दोघांचेही फूल मोठे असते. शिवाय चेरी सप्टेंबरातच फुलून जाते आणि तिच्या सालीवर आडव्या रेघा असतात. हॉथॉर्नची आणखी एक खूण म्हणजे वास. त्याच्या फुलात ट्रायमेथिलअमिन नावाचे संयुग असते. शिळ्या मासळीला येणारा वास त्याच संयुगाचा. मधमाश्यांबरोबर माश्याही या फुलांवर गर्दी करतात त्या त्यामुळेच. ब्रिटनमध्ये हॉथॉर्नची फुलांची फांदी घरात आणणे अशुभ मानत, आणि एकदा जवळून हुंगल्यावर त्या समजुतीमागचा शहाणपणा पटतो. लिव्हिगाटाचा वास मोनोगायनापेक्षा उग्र. तेव्हा झाड कोणतेही असो, स्वयंपाकघराच्या किंवा झोपायच्या खोलीच्या खिडकीला लागून ते लावू नये.

इतकी देखणी फुले आणि तगडा स्वभाव असूनही न्यूझीलंडमध्ये हॉथॉर्नकडे संशयाने पाहिले जाते, याला दोन कारणे आहेत आणि दोन्ही निवडीच्या मुळाशी आहेत.

पहिले कारण रोगाचे. फायरब्लाइट हा जीवाणूमुळे होणारा करपा सफरचंद, नासपती, हॉथॉर्न अशा एकाच घराण्यातल्या झाडांना होतो. उत्तर अमेरिकेबाहेर तो पहिल्यांदा सापडला न्यूझीलंडमध्ये, 1919 साली. फुलोऱ्याच्या काळात पाऊस आणि मधमाश्या त्याचे जीवाणू एका फुलातून दुसऱ्यात नेतात. मग कोवळे शेंडे भाजल्यासारखे काळे पडतात आणि टोकाशी काठीच्या मुठीसारखे वाकतात. मैलोगणती पसरलेली हॉथॉर्नची कुंपणे म्हणजे या रोगाचे कोठारच ठरले. 1922 मध्ये न्यूझीलंडच्या संसदेने फायरब्लाइटसाठी स्वतंत्र कायदा केला, आणि व्यापारी फळबागांच्या पट्ट्यांतून हॉथॉर्न हटवण्याची सोय त्यात ठेवली. हे प्रकरण देशापुरतेही राहिले नाही. ऑस्ट्रेलियाने 1921 मध्ये या रोगाच्या भीतीने न्यूझीलंडच्या सफरचंदांना दार बंद केले, ते जागतिक व्यापार संघटनेत 2010 मध्ये निकाल विरुद्ध गेल्यावरच उघडले. कुंपणाच्या झाडापासून सुरू झालेली गोष्ट नव्वद वर्षांनी जिनिव्हात जाऊन संपावी, असे फार थोड्या वनस्पतींच्या वाट्याला आले असेल.

दुसरे कारण फळांचे. लाल फळे पक्ष्यांना, विशेषतः इंग्लंडहूनच आणलेल्या ब्लॅकबर्डला, फार आवडतात. फळ गिळून पक्षी उडतो आणि आठळी कुठल्या तरी ओढ्याच्या काठी किंवा कुरणाच्या कोपऱ्यात पडते. बी लगेच रुजत नाही. कठीण आठळीमुळे त्याला पुष्कळदा दोन हिवाळे लागतात. पण एकदा रुजले की मेंढ्या त्या काटेरी रोपाला फारसे तोंड लावत नाहीत. कँटरबरीत पोर्टर्स पासच्या परिसरातल्या डोंगरउतारांवर हॉथॉर्नने अशाच रीतीने पाय पसरले. वेलिंग्टन शहरात हा प्रश्न वेगळ्या स्वरूपात समोर येतो. करोरीच्या खोऱ्यात झीलँडिया हे 225 हेक्टरांचे अभयारण्य आहे. उंदीर, स्टोट, पॉसम यांना रोखणारे 8.6 किलोमीटरचे कुंपण त्याच्याभोवती 1999 मध्ये पूर्ण झाले. जवळच विल्टनमध्ये ओटारी-विल्टन्स बुश हे केवळ देशी वनस्पतींना वाहिलेले उद्यान आहे. लिओनार्ड कॉकेन या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने 1926 मध्ये ते आकाराला आले. प्राण्यांना अडवणारे कुंपण पक्ष्यांना अडवत नाही. आसपासच्या घरांच्या बागेतले कोणतेही लाल फळ सकाळी खाल्ले की दुपारी त्याचे बी अभयारण्यात पोहोचू शकते.

म्हणून वेलिंग्टनमध्ये हॉथॉर्न निवडताना रंगाआधी विचारायचा प्रश्न एकच: याला फळे धरतात का? इथे दुहेरी फुलांची वाणे उपयोगी पडतात. दुहेरी फुलात पुंकेसरांचे रूपांतर पाकळ्यांत झालेले असते, आणि अशा झाडाला फळ क्वचितच लागते. अर्थात त्याची किंमतही मोजावी लागते. पराग आणि मध जवळजवळ नसल्याने मधमाश्या अशा झाडाकडे वळत नाहीत, आणि शरदात लाल फळांची शोभाही मिळत नाही. ज्या प्रदेशात हॉथॉर्न देशी आहे तिथे साधे एकेरी फूलच लावावे, असा सल्ला देतात आणि तो योग्यच आहे. वेलिंग्टनमध्ये तोच सल्ला उलटा करावा लागतो.

दुहेरी वाणांत सर्वांत प्रसिद्ध ‘पॉल्स स्कार्लेट’. 1858 मध्ये इंग्लंडच्या हर्टफर्डशरमध्ये एका बागेतल्या गुलाबी दुहेरी हॉथॉर्नच्या एका फांदीला अचानक गडद लाल फुले आली. त्या फांदीच्या डोळ्यांपासून कलमे बांधून विल्यम पॉल या रोपवाटिकाचालकाने हे वाण बाजारात आणले. जगात आज जिथे जिथे ‘पॉल्स स्कार्लेट’ आहे, ते त्या एका फांदीचेच विस्तार. न्यूझीलंडच्या जुन्या बागांत आणि रस्त्यांच्या कडेला लाल-गुलाबी गुच्छांनी लदलेले हॉथॉर्न दिसले, तर ते बहुधा हेच असते. उंची पाच-सहा मीटर, क्वचित थोडी जास्त; तरुणपणी उभट, पुढे डोक्यावर छत्री धरल्यासारखे गोल. दोष एकच, पण मोठा: दमट उन्हाळ्यात पानांवर तपकिरी ठिपके पाडणारी बुरशी त्याला लवकर धरते आणि फेब्रुवारीतच झाड निम्मे उघडे पडू शकते. ज्या झाडापासून ते निघाले ते गुलाबी दुहेरी वाणही लावण्याजोगे आहे, आणि पांढरे उमलून गुलाबी होत जाणारे ‘प्लेना’ही. लालभडक रंगाचा सोस नसेल तर ‘प्लेना’चा सौम्यपणा डोळ्यांना अधिक काळ सुखावतो. ‘क्रिमझन क्लाउड’ हे एकेरी वाण गडद लाल, मध्ये पांढरा डोळा असलेले. पानांवरच्या ठिपक्यांना ते चांगले तोंड देते, मात्र एकेरी असल्याने त्याला फळे धरतात.

युरोपाबाहेरच्या जाती आणि संकर फळांसाठी आणि पानांच्या रंगासाठी लावतात. लव्हालेई या संकराची पाने चकचकीत, अखंड, उशिरापर्यंत टिकणारी, फळे मोठी, नारिंगी, काटे कमी. ‘प्रुनिफोलिया’ची अंडाकृती पाने शरदात शेंदरी-केशरी होतात. वॉशिंग्टन थॉर्नची पाने मेपलसारखी असतात, आणि इतरांचा बहर ओसरल्यावर ते फुलते. चीनमधल्या पिनॅटिफिडाची फळे आवळ्याएवढी. साखरेच्या पाकात बुडवून काडीला लावलेली ती बीजिंगच्या रस्त्यांवर हिवाळ्यात विकली जातात. या सर्वांना फळे भरपूर येतात, आणि रानाच्या कडेला घर असेल तर तेवढ्यासाठीच ती टाळावीत. भोवती नुसती वस्ती असलेल्या, बंदिस्त बागेत एखादे लव्हालेई शोभून दिसेल.

निवड झाली तरी जागेचा प्रश्न उरतोच, आणि वेलिंग्टनमध्ये जागा म्हणजे वारा. कुकच्या सामुद्रधुनीत दोन बेटांमधून वारा नरसाळ्यातून यावा तसा घुसतो: बहुतेक दिवस वायव्येचा, आणि मध्येच दक्षिणेचा बोचरा, पाऊस घेऊन येणारा. त्यातही वसंत ऋतू सर्वांत वादळी, आणि नेमका तोच हॉथॉर्नच्या बहराचा काळ. झाडाला याचे काही वाटत नाही. ब्रिटनच्या उघड्या कड्यांवर एका बाजूला झुकलेली हॉथॉर्न शतकानुशतके तग धरून आहेत. फुलांचे तसे नाही. दुहेरी फूल जड असते. पावसात भिजले की आणखी जड होते, आणि एका रात्रीच्या दक्षिण वाऱ्यात पंधरा दिवसांचा बहर गवतावर उतरतो. आयलंड बे, लायल बे, सीटौन अशा समुद्राला तोंड करून असलेल्या उपनगरांत दुहेरी हॉथॉर्न लावणे म्हणजे हौसेची निराशा करून घेणे. करोरी, विल्टन, टावा यांच्यासारख्या आतल्या खोऱ्यांत, घराच्या किंवा टेकडीच्या आडोशाला ते खुलते. सर्वांत सुखी ते हट खोऱ्यात राहते. तिथे जमीन खोल गाळाची आहे आणि हिवाळ्यात दवहिमही पडते. हॉथॉर्नला हिवाळ्याची झोप पुरती मिळाली की वसंतात कळ्या एकदम आणि भरघोस येतात.

वेलिंग्टनच्या टेकड्यांवरची माती बहुधा चिकण, पिवळसर, खाली ग्रेवॅक खडक. हॉथॉर्न तिला नावे ठेवत नाही, फक्त पाणी साचता कामा नये आणि दिवसाचा मोठा भाग ऊन मिळाले पाहिजे. दक्षिण गोलार्धात ऊन उत्तरेकडून येते. महाराष्ट्रातून नव्याने आलेल्या माणसाच्या अंगवळणी ही गोष्ट लवकर पडत नाही, आणि घराच्या दक्षिणेला लावलेले झाड वर्षभर सावलीत कुढत राहते. भिंतीपासून चार मीटर तरी अंतर ठेवावे. पायवाटेच्या कडेला, मुलांच्या खेळण्याच्या जागी किंवा विजेच्या तारांखाली काटेरी झाड नको, हे वेगळे सांगायला नको.

लागवडीचा काळ जून ते ऑगस्ट. पानगळी झाडे या महिन्यांत न्यूझीलंडच्या रोपवाटिकांत मातीविना, उघड्या मुळांनी मिळतात. ती कुंडीतल्या झाडांपेक्षा स्वस्त असतात आणि लवकर रुळतात. घेताना कलमाचा सांधा पाहावा. दुहेरी वाणे जवळजवळ नेहमी साध्या हॉथॉर्नच्या खुंटावर बांधलेली असतात. सांधा जमिनीच्या वर हातभर किंवा वितीवर दिसतो, आणि लावताना तो मातीत गाडला जाऊ नये. याच खुंटामुळे आधी सांगितलेल्या खुणा पुढे कामाला येतात. दोन-चार वर्षांनी सांध्याच्या खालून जोमदार, काटेरी फुटवा निघतो. त्याची पाने खोल कापलेली असतात, वरच्या पानांसारखी उथळ नसतात. तो वेळीच मुळापासून ओरबाडून काढला नाही तर दरवर्षी फूट-दोन फूट वाढत वरच्या कलमाला मागे टाकतो, आणि मग एका वसंतात लाल झाडाच्या एका बाजूला पांढरी फुले येतात. शेजारीपाजारी त्याला निसर्गाचा चमत्कार म्हणतात. तो चमत्कार नसून जंगली खुंटाने बाग परत घ्यायला केलेली सुरुवात असते, आणि त्या पांढऱ्या फुलांना फळेही धरतात.

पहिली दोन वर्षे खुंट्याला सैल दोरीने बांधून आधार द्यावा. बुंधा थोडा हलू द्यावा, कारण त्या हलण्यानेच मुळे पकड घेतात. बुंध्याभोवती पाचोळ्याचे आच्छादन घालावे, खोडाला मात्र चिकटवू नये. फुले जुन्या फांद्यांवरच्या आखूड काड्यांवर येतात, म्हणून जोरकस छाटणी केली की पुढच्या वर्षीचा बहर जातो. वाळलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढल्या की पुरे, तेही कोरड्या दिवशी. फुलोऱ्याच्या काळात छाटणी करू नये. फायरब्लाइटचा जीवाणू तेव्हाच सर्वांत चपळ असतो. काळा पडलेला, वाकलेला शेंडा दिसला तर रोगट भागाच्या फूटभर खालून, निरोगी लाकडात कापावे, प्रत्येक कापानंतर कात्री स्पिरिटने पुसावी आणि कापलेले कंपोस्टमध्ये टाकू नये. जवळपास कोणाची सफरचंदाची किंवा नासपतीची झाडे असतील तर मुळात हॉथॉर्न लावण्याचाच पुनर्विचार करावा. डिसेंबरपासून पानांवर काळ्या, चकचकीत, गोगलगायीसारख्या दिसणाऱ्या अळ्या येतात. त्या माशीच्या वर्गातल्या नव्हेत आणि गोगलगायही नव्हेत. सॉफ्लाय नावाच्या, गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यातल्या कीटकाची ती पिल्ले. पानाचा वरचा थर खरवडून त्या फक्त जाळी शिल्लक ठेवतात. लहान झाडावर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने त्या धुऊन काढता येतात किंवा कोरडी राख भुरभुरता येते. काम करताना जाड हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. हॉथॉर्नचा काटा बोटाच्या सांध्यात मोडून राहिला तर सूज आठवडेच्या आठवडे उतरत नाही, आणि तो डॉक्टरांकडून काढून घ्यावा लागतो.

काहींना रोप बाजारातून घेण्यापेक्षा काश्मीरच्या सहलीतून किंवा इंग्लंडच्या नातेवाइकांकडून बी आणावेसे वाटते. न्यूझीलंडच्या सीमेवर बियाणे, रोपे, ताजी फळे यांची कसून तपासणी होते. तुळशीच्या मंजिऱ्या आणि कढीपत्ताही त्यातून सुटत नाही. न सांगता आणलेल्या वस्तूला जागच्या जागी 400 डॉलरचा दंड होतो. फायरब्लाइटच्या इतिहासानंतर सफरचंदाच्या घराण्यातल्या वनस्पतींबद्दल हा देश हळवा असावा यात नवल नाही.

समुद्राकडच्या उपनगरात राहणाऱ्याला हॉथॉर्नची फुले हवीच असतील, तर राफिओलेपिस हा मधला मार्ग आहे. हे सदाहरित झुडूप त्याच घराण्यातले. लिनीयसने 1753 मध्ये त्याच्या एका जातीला क्रॅटेगस इंडिकाच म्हटले होते, आणि म्हणून ते आजही ‘इंडियन हॉथॉर्न’ नावाने विकले जाते, जरी त्याचे मूळ घर दक्षिण चीन आणि आग्नेय आशिया. जपान-कोरियाकडची अंबेलाटा ही जात खारा वारा बिनतक्रार सोसते. तिची पाने जाड, फुले पांढरी, फळे काळसर निळी, काटे नाहीत. उंचीने मात्र ती झाड होत नाही. माणसाच्या उंचीचे दाट कुंपण होते.

आणि ज्याला वसंतात फुललेले झाड हवे, त्याने ते हॉथॉर्नच असावे असा हट्ट धरला नाही तर कोव्हाईकडे पाहावे. या पिवळ्या, घंटेसारख्या फुलांच्या देशी झाडाच्या न्यूझीलंडमध्ये आठ जाती आहेत. टेट्राप्टेराची फुले मोठी. मायक्रोफायलाची पाने नाजूक, पण तिचे रोप पहिली काही वर्षे गुंतलेल्या तारांच्या भेंडोळ्यासारखे दिसते, आणि ते मेले समजून उपटून टाकणारे पुष्कळ. मोलॉयी ही कुकच्या सामुद्रधुनीच्या उघड्या कड्यांवरची, दोन-तीन मीटरची, हिवाळ्यातच फुलणारी जात. वेलिंग्टनच्या वाऱ्यासाठीच घडवल्यासारखी. टुई पक्षी कोव्हाईच्या मधासाठी अख्खी सकाळ झाडावर काढतात. त्याच्या बिया विषारी असतात, इतके लहान मुलांच्या घरात लक्षात ठेवावे.

घर घेतानाच बागेत जुने जंगली हॉथॉर्न मिळाले, तर ते नुसते तोडून भागत नाही. बुंध्यापासून ते पुन्हा दाट फुटते. फळे पिकण्याआधी, म्हणजे फेब्रुवारीच्या आत, जमिनीलगत कापावे आणि काप ओला असतानाच त्यावर तणनाशकाची जेल लावावी. फळे लागल्यावर कापावे लागले तर फळांच्या फांद्या बागेत कुजायला न टाकता पिशव्यांत भरून कचरा केंद्रावर द्याव्यात. लहान रोपे पावसानंतर जमीन मऊ असताना मुळासकट उपटता येतात. पुढची दोन-तीन वर्षे त्या जागेकडे वसंतात एकदा नजर टाकावी लागते, कारण मातीत पडलेल्या आठळ्या उशिरा रुजतात.